सिस्टीमला शिव्या घालून झाल्या? आता एक खड्डा निवडा

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक तरी फोटो येतो. तुंबलेलं गटार, उखडलेला रस्ता, कोपऱ्यावरचा कचरा. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया: 'सगळे चोर', 'टॅक्स कशाला भरायचा', 'आपल्याकडे हे असंच चालायचं'. दुपारपर्यंत विषय क्रिकेटवर जातो आणि गटार तुंबलेलंच राहतं.

या रागात खोटं काही नाही. रस्ता खरंच वाईट आहे आणि त्यासाठी कोणीतरी खरंच पैसे घेतलेले आहेत. पण 'सिस्टीम' नावाचा माणूस कुठल्या टेबलावर बसत नाही. कनिष्ठ अभियंता बसतो, आरोग्य निरीक्षक बसतो, ग्रामपंचायत अधिकारी बसतो. तेव्हा दोष जरूर द्या, पण पदनाम आणि तारीख घालून द्या. ज्यांनी आयुष्यात कधी सरकारी कार्यालयात अर्ज दिलेला नाही, त्यांना ते कसं जमवायचं ते इथे क्रमाने सांगतो.

पहिलं काम: तक्रार लहान करा

'शहरातले रस्ते खराब आहेत' ही तक्रार कुणीच सोडवू शकत नाही, म्हणून ती कुणाचीच नसते. 'अमुक शाळेच्या फाटकासमोर, डाव्या हाताला, साधारण दोन फूट रुंदीचा खड्डा' ही मात्र कुणाची तरी असते. आपल्या रोजच्या वाटेवरची, पायी दहा मिनिटांच्या आतली एकच गोष्ट निवडा. बंद पडलेला दिवा, गटाराचं गायब झाकण, झिजून पुसलेले झेब्रा पट्टे, कचऱ्याचा एखादा कोपरा. मोठी गोष्ट घेऊ नका. उड्डाणपुलाचा आराखडा, नदीकाठचं बांधकाम, टेकडीवरचं अतिक्रमण हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते पहिल्या वर्षाचं काम नव्हे. पहिल्या कामात तुम्हाला कार्यालयाची भाषा शिकायची आहे आणि ती बंद दिव्यावर छान शिकता येते.

जागा ठरली की फोटो काढा. नुसत्या खड्ड्याचा काढलात तर तो कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो. मागे दुकानाची पाटी, बसथांबा, एखादी खूण दिसली पाहिजे. दिवा असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक वाचा. बहुतेक ठिकाणी तो असतो, आपण कधी मान वर करून बघत नाही. खांब क्रमांकासकट दिलेल्या तक्रारीवर 'जागा सापडली नाही' असा शेरा मारता येत नाही.

ती जागा आहे कुणाची?

निम्म्या तक्रारी इथेच मरतात. महापालिकेच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतो असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो, मुंबई परिसरात एमएमआरडीएचा (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ) असू शकतो. रस्त्यावरचं झाकण ड्रेनेजचं की केबल कंपनीच्या डक्टचं, हेही बघावं लागतं. मुंबई शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे आहेत. इतर शहरांत ते बहुधा महापालिकेच्या विद्युत विभागाकडे असतात, आणि घरातली वीज गेली तर महावितरणचा १९१२.

हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे विचारणं. मुंबईत वॉर्ड ऑफिस, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती. नाव वेगळं, काम तेच. तिथे जाऊन 'हा रस्ता तुमच्याकडे येतो का आणि याचे जेई कोण?' एवढंच विचारा. जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता. सफाई कर्मचारी आणि मुकादम यांना तर हद्दीची इंच न् इंच माहिती असते. कुठल्या झाडापर्यंत आपलं आणि कुठून पुढे शेजारच्या प्रभागाचं, ते नकाशापेक्षा नेमकं सांगतात.

आपल्या बाजूचं काम

आता थोडं अडचणीचं बोलू. कचऱ्याचा कोपरा घ्या. पुण्यात त्याला महापालिकेची माणसं 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. ढीग रोज उचलला जातो आणि दुपारपर्यंत परत तयार होतो. तक्रार करून तो उचलला जाईल, बंद होणार नाही. कारण टाकणारे आपल्यातलेच असतात.

सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात दोन-तीन दिवस तिथे उभं राहा. भांडायला नको, फक्त बघायला. घंटागाडी यायच्या आधी कामावर निघणारी माणसं पिशवी ठेवून जाताना दिसतील. एखादा वडापाववाला असतो, ज्याच्याकडून कचरा उचलायची व्यवस्थाच कुणी लावलेली नसते. भाड्याने राहणारी चार-पाच मुलं असतात, ज्यांना ओला-सुका कुणी सांगितलेलंच नाही. महिन्याचे थोडे पैसे वाचवायला कचरावेचकाला नाही म्हणणारं एखादं चांगलं खातंपितं घरही असतं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. लवकर निघणाऱ्यांची बादली शेजाऱ्याने दारात ठेवायची. वडापाववाल्याची गाठ मुकादमाशी घालून द्यायची. मुलांच्या घरमालकाशी बोलायचं. खात्यापित्या घराला लाजवायची जबाबदारी सोसायटीतल्या एखाद्या काकूंवर सोपवावी. त्या ते काम आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात.

आणि आधी स्वतःच्या घरात बघा. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले, तेव्हापासून कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक आहे; २०२६च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे त्याचे चार भाग आहेत. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतली माणसं २००८पासून दारोदार कचरा गोळा करतात. सॅनिटरी पॅड वेगळं, कागदात गुंडाळून, लाल खूण करून द्या असं त्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. ते न करता आरोग्य निरीक्षकासमोर जाऊन उभं राहिलं, तर आपला आवाज आपल्यालाच पोकळ वाटतो.

पण याची मर्यादाही ओळखा. दर रविवारी झाडू घेऊन जमणं, फोटो काढणं आणि सोमवारी परत तोच ढीग बघणं ही महापालिकेला दिलेली फुकटची मजुरी आहे. श्रमदान करायचं तर ते तक्रारीच्या जोडीला करा, तिच्याऐवजी नको. मुंबईत दादाराव बिल्होरे यांचा मुलगा प्रकाश २०१५ साली पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे अपघातात गेला. त्यानंतर दादाराव स्वतः रस्त्यावर उतरून खड्डे बुजवत राहिले. त्यांच्याबद्दल आदर वाटतो आणि त्यांना ते करावं लागलं याची शरमही वाटते. नवख्या माणसाने मात्र चालत्या रहदारीत डांबर टाकायला जाऊ नये. खड्ड्याभोवती चुन्याची रेघ किंवा झाडाची फांदी लावून वाहनांना सावध करणं एवढं तातडीने करता येतं.

तक्रार लेखी आणि पोच हातात

फोनवर बोलणं, साहेबांना भेटणं, नगरसेवकाच्या ऑफिसात सांगणं, हे सगळं करा. पण त्यातलं काहीच नोंद नव्हे. नोंद म्हणजे क्रमांक. ॲपवर किंवा हेल्पलाइनवर (मुंबईत १९१६) तक्रार केली तर टोकन क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. त्याशिवाय एक कागदी अर्जही द्या. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे:

'प्रति, कनिष्ठ अभियंता, विद्युत विभाग, अमुक क्षेत्रीय कार्यालय. विषय: अमुक रस्ता, खांब क्र. अमुक येथील दिवा बंद असल्याबाबत. महोदय, वरील दिवा दि. … पासून बंद आहे. शेजारी शाळा असून संध्याकाळच्या शिकवणीची मुले याच वाटेने जातात. ऑनलाइन तक्रार क्र. … दि. … रोजी नोंदवली आहे. दिवा सुरू करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती. सोबत: छायाचित्र.'

भ्रष्टाचार, अनास्था, झोपलेलं प्रशासन यातला एकही शब्द त्यात नको. ते लिहिलं की अर्ज वाचणाऱ्याला उत्तर द्यायला एक सोपा मुद्दा मिळतो आणि दिवा बाजूला राहतो.

अर्जाच्या दोन प्रती घ्या. आवक-जावक विभागात खिडकीशी बसलेली व्यक्ती एक ठेवून घेईल, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही देईल. हीच पोच. कधीकधी 'ठेवून जा, शिक्का नंतर मारतो' असं उत्तर येतं. अशा वेळी हसून 'थांबतो की' म्हणावं आणि खिडकीसमोरच उभं राहावं. मागे रांग वाढली की शिक्का सापडतो. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची सवय आहे.

या कागदाला वजन का आहे? उद्या तिथे कुणी पडलं तर 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असं म्हणायची सोय राहत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. अशा वेळी तारीखवार शिक्क्याचा कागद कुणाच्या तरी फार उपयोगी पडू शकतो.

पंधरा दिवस झाले, काहीच नाही

मग त्याच कार्यालयात जा, पोच दाखवा आणि विचारा: 'फाइल कोणाकडे आहे?' 'साहेब साइटवर गेलेत' हे उत्तर गृहीत धरा. ते कधीकधी खरंही असतं. एकेका जेईकडे मोठा भाग असतो आणि पावसाळ्यात तो खरंच धावत असतो. त्याच्याशी नीट बोला. बऱ्याचदा त्याची अडचण कळते: दिवा आहे पण साहित्य आलेलं नाही, ठेकेदाराची मुदत संपली, नवीन निविदा अडकली. ती कळली की पुढचं पत्र त्याच्या वरच्या अभियंत्याला, त्या अडचणीचा उल्लेख करून लिहिता येतं. मग खालच्या माणसाला आपण शत्रू वाटत नाही, उलट त्याचंच म्हणणं कुणीतरी वर पोचवतंय असं वाटतं.

राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत २०२२पासून प्रशासक होते आणि नगरसेवक नावाचा दुवाच नव्हता. जानेवारी २०२६च्या निवडणुकांनंतर तो परत आला आहे. पोचेची एक झेरॉक्स नगरसेवकाच्या कार्यालयातही द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. ठरलेल्या नमुन्यात १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, आणि खालच्या पायरीवर तक्रार करून झाल्याचा पुरावा मागतात. पोच इथेही लागतेच.

दाखला, नळजोडणी, नोंदीचा उतारा अशी अधिसूचित सेवा अडली असेल तर वाट वेगळी. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. सेवेची मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असली पाहिजे. मुदत उलटली तर अपील करता येतं, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज मात्र 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रात रीतसर केलेला हवा. एजंटाच्या हाती कोरे कागद देऊन या कायद्याचा उपयोग होत नाही.

माहितीचा अधिकार: भांडण नको, कागद मागा

लोक इथे येऊन फसतात, म्हणून जरा सविस्तर. १२ ऑक्टोबर २००५पासून हा कायदा लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याही आधीचा, २००२चा, आणि त्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलनं होती. अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ऑनलाइनही करता येतो. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. मात्र महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत.

'रस्ता इतका खराब का झाला?' असं विचारलंत तर उत्तर येईल: 'माहिती उपलब्ध नाही.' आणि ते नियमाला धरून असेल. कायद्याने तुम्हाला कार्यालयात असलेला कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. म्हणून असं मागा (कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश, वर्क ऑर्डर):

'१. अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या सर्वांत अलीकडच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत. २. त्या कामाच्या मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती. ३. त्या कामाचा दोषदायित्व कालावधी कधी सुरू झाला व कधी संपतो, हे दर्शवणाऱ्या कागदाची प्रत. ४. माझ्या दि. … च्या तक्रार क्र. … वरील टिपणीची प्रत.'

तिसरा मुद्दा हुकमाचा. दोषदायित्व कालावधी, कार्यालयात बोलतात तसं डीएलपी, म्हणजे काम झाल्यावर ठरावीक काळ रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तो काळ चालू असेल तर पुढचं पत्र तीन ओळींचं होतं: हा कार्यादेश, ही तारीख, ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी. इथे 'निधी नाही' हे कारण चालत नाही, कारण निधी लागतच नाही. मोजमाप पुस्तकात लांबी-रुंदी-जाडी लिहिलेली असते. जाडी सोडा, नुसती लांबी टेपने मोजून पाहिली तरी कधीकधी मौज वाटते.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, एरवी पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, 'जोडपत्र ब', २० रुपयांचा स्टॅम्प. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण आयोगाकडे अपिलं साचलेली असतात आणि सुनावणीला फार वेळ लागतो, म्हणून नवख्या माणसाने भरवसा पहिल्या अपिलावर ठेवावा.

त्याहून सोपी वाट फारशी कुणाला माहीत नाही. २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे आहेत. सोमवारी जा, अर्ज द्या, फाइल उघडून बसा, हवं ते पान टिपा. 'असा काही नियम नाही' म्हणाले तर शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या. दोन तास एक जाड फाइल चाळली की कार्यालय कसं चालतं ते कळतं: कुणाचा शेरा कधी, कुठे सही राहिली, कागद किती आठवडे एकाच टेबलावर पडून होता.

एक इशारा. जमिनीचे व्यवहार, वाळू, मोठे ठेके यात एकट्याने माहिती मागू नका. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१०मध्ये खून झाला, ते जमीन व्यवहारच उघड करत होते. दिवा-खड्ड्यात सहसा असला धोका नसतो. तरी अर्ज दोघा-तिघांनी मिळून वेगवेगळ्या नावांनी करावेत हे बरं.

गावात असाल तर

तिथे तुमच्याकडे शहरापेक्षा मोठं हत्यार आहे, ग्रामसभा. वर्षात किमान चार व्हायला हव्यात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा लोकांना पाठ आहेत. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती संख्या लागते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नाही. मग दहा-बारा माणसांत ठराव होतात आणि बाकी गाव पारावर बसून 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणतं. पहिलं काम एवढंच: शेजारच्या चार घरांना घेऊन वेळेवर जाऊन बसा. आधी महिला सभा होते, तिलाही आईला, वहिनीला पाठवा. विषय आधीच लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. 'ऐन वेळचे विषय' यात काय घुसवलं जातंय त्यावर कान ठेवा. सभा संपताना इतिवृत्त वाचून दाखवा म्हणा. प्रोसिडिंग बुकात मागाहून भर पडते, ती इथेच अडते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा प्रसिद्ध आहे. पण ती नुसती घोषणा नव्हती. तिथे लोक अभ्यासगटात बसून कायदे समजून घेत आणि निर्णय सर्वसहमतीने करत. बसून वाचण्याच्या त्या कामाचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्याचं नाव होत नाही.

काम झाल्यावर

ॲपवर 'तक्रार निकाली' असा मेसेज आला तर आधी जागेवर जाऊन बघा. दिवा न लागताच तक्रार बंद केलेली असेल तर त्याच दिवशी, नव्या फोटोसह, जुना क्रमांक देऊन पुन्हा उघडा. काम खरंच झालं असेल तर त्या जेईला नाव घेऊन दोन ओळींचं पत्र लिहा आणि प्रत त्याच्या वरिष्ठाला द्या. अशी पत्रं त्यांच्याकडे इतकी क्वचित येतात की तुमचं नाव त्यांच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी फोन उचलला जातो. पोच, उत्तरं, फोटो एका फायलीत लावा. रस्त्याचा डीएलपी ज्या दिवशी संपतो त्याच्या दोन महिने आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या दिवशी टेप घेऊन एक चक्कर मारा.